बंद घराची पाहणी

औरंगाबाद, बेगमपुरा
दि. १५ नोव्हेंबर १९५०

प्रिय मुनिरास,
वच्छलाचा सलाम आणि स. न. वि. वि.

तुझ्या दोन पत्रांना माझं हे एक उत्तर, म्हणून तू फुगली असशील. फुग. पिशोरला अण्णांच्या ओसरीवर धडा गिरवतानासुद्धा तू अशीच फुगायचीस, आणि अण्णा माझ्याच पाठीत धपाटा घालायचे. माझा बाप, पण लाड तुझे. तेव्हापासूनचा माझा हिशेब बाकी आहे, तो तू परत आल्यावर भांडून घेईन.

इकडे सगळे खुशाल आहेत. दिवाळी झाली. मास्तरांची शाळा आता सगळी मराठीत झाली, त्यामुळे आमच्या घरात रोज संध्याकाळी हे स्वतःच आधी धडा पाठ करतात. वीस वर्षं उर्दूत भूगोल शिकवला, आता नद्यांची नावं मराठीत घेताना अडखळतात आणि चिडतात माझ्यावर. जणू गोदावरीचं नाव मी ठेवलं.

तुझ्या घराचं सांगते. दोन वर्षं झाली कुलूप लागून, पण एक दिवस तुझा ओटा मी पारोसा ठेवला नाही. सकाळी माझ्या दारात सडा पडला की तुझ्या दारात पडतो, माझ्या दारात रांगोळी उमटली की तुझ्या दारात उमटते. दसऱ्याला तोरण बांधलं, दिवाळीत पणत्या लावल्या. माझ्या ओट्यावर ऊन येत नाही म्हणून तुळशीची कुंडीसुद्धा तुझ्या ओट्यावर ठेवली आहे. आठवड्यातून एकदा कुलूप काढून आत झाडते. फारूखभाईंच्या मागावर ती शाल अजून अर्धी तशीच ताणलेली आहे. मी तिला हात लावत नाही, नुसती वरून धूळ फुंकते. हौदात नहरीचं पाणी येतंच आहे, ते कुठं कुणाची वाट बघतं.

आणखी एक. गल्लीत बंद घरांची पाहणी चालू आहे. ज्या घरांचे मालक सोडून गेले ती घरं कचेरी आपल्या ताब्यात घेते आणि बाहेरून आलेल्या बेघर लोकांना देते, असा नवा कायदा आहे म्हणे. परवा दोन कारकून येऊन गेले. मी शहागंजात भाजीला गेले होते. समोरची सारजाबाई सांगत होती की तुझ्या दाराशी उभं राहून त्यांनी बराच वेळ वहीत काही लिहिलं. मी म्हटलं, लिहू दे. कोपऱ्यावरच्या घरासारखं काही तुझ्या दारात गवत माजलं नाही. चांगलं नांदतं घर दिसतंय. तू निर्धास्त राहा.

सगीराला गालगुच्चा. आता नऊ वर्षांची झाली ना गं? फारूखभाईंना मास्तरांचा आणि माझा नमस्कार सांग. कधी येतेस ते मात्र या खेपेला तरी लिही. लोभ वाढता ठेव, आणि पत्र लांबडं लिही.

तुझी,
वच्छला


हैदराबाद
दि. २६ नोव्हेंबर १९५०

प्रिय वच्छीस,
मुनिराचे अनेक सलाम व स. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडायचे तसेच राहिले. जाऊबाईंनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही. मग त्या म्हणाल्या की तिकडच्या पत्रात एवढं काय असतं. आता त्यांना काय सांगू की माझ्या ओट्यावर ऊन आहे, हे त्यात असतं.

मुबारकभाई म्हणजे आमचे थोरले दीर, माणूस देवासारखा. दोन खोल्यांत त्यांनी आम्हा तिघांना सामावून घेतलं, कधी कपाळाला आठी नाही. पण वच्छे, दुसऱ्याच्या घरात माणूस पाणीसुद्धा हळू पितो. इथं नळाला तासभर पाणी येतं. मी रांगेत उभी राहते आणि आपल्या हौदात पाय सोडून बसलेली मी मलाच दिसते. इथं माझ्याशी मराठी बोलायला कुणी नाही. भांडी घासताना मी एकटीच बोलते. सगीरा तर आता पक्की हैदराबादी झाली, मला सारखं सांगते की अम्मी, तुमची बोली गावठी आहे.

यांना एका दुकानात कापड मोजायचं काम आहे. ज्या माणसानं हिमरूच्या शालींवरचे वेल हातानं विणले तो दुसऱ्याच्या गिरणीचं कापड गजानं मोजतो. रात्रंदिवस गप्प असतात. शालीचं तू लिहिलंस ते मी वाचून दाखवलं, तर उठून बाहेर गेले. परत यायचा विषय काढला की त्यांचं एकच म्हणणं, की तिकडं आपलं कोण आहे. मी तुझं नाव घेते, मास्तरांचं नाव घेते. मास्तरांचं नाव घेतलं की ते जेवणसुद्धा अर्धं टाकतात. मला काही उमजत नाही. तुला काही ठाऊक असेल तर कळव. एका ताटात नान-खलिया खाल्लेली ही दोन माणसं. रझाकारांच्या धामधुमीत मास्तर घाबरले होते, तेव्हा हेच तुमच्या ओट्यावर खाट टाकून तीन आठवडे राहिले होते ना?

मला यायचंय गं. लई यायचंय. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

मास्तरांना सलाम, मुलांना दुवा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझीच,
मुनिरा


औरंगाबाद
दि. ११ डिसेंबर १९५०

प्रिय मुनिरास,
स. न. वि. वि.

कसं लिहू हेच कळत नाही. तुझं घर मी घालवायला निघाले होते, असं समज.

काल तुझ्या दारावर कचेरीची नोटीस डकवली, मराठीत एक आणि उर्दूत एक. मास्तरांनी दोन्ही वाचल्या. मालक घर कायमचं सोडून गेल्याचं दिसतं, घरात दुसऱ्याच लोकांचा राबता आहे, सबब घर यादीत घेतलं आहे. कुणाची हरकत असेल तर २० जानेवारीला कचेरीत हजर व्हावं.

मी तशीच पदर खोचून कचेरीत गेले. म्हटलं, दुसरे लोक कोण, दाखवा. कारकून बिचारा सभ्य होता. त्यानं वही उघडून वाचून दाखवलं. दारात ताजी रांगोळी. चौकटीवर आंब्याच्या पानांचं तोरण. ओट्यावर तुळस. कोनाड्यात विझलेल्या पणत्या. मालकाचं नाव शेख फारूख. मग त्यानंच मला विचारलं, की बाई, तुम्ही माझ्या जागी असतात तर या वहीवरून काय समजला असतात?

मुने, माझ्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षं मी तुझं घर जागतं ठेवत होते, आणि माझ्या हातून ते जागतं राहिलं ते माझ्यासारखं! तुझ्या दारात काय हवं याचा मी एकदाही विचार केला नाही. तुझ्यासारखं नुसतं लख्ख झाडून, पाणी शिंपडून, दाराला तो बांबूच्या चिकाचा हिरवा पडदा लावून ठेवला असता तरी चाललं असतं. मला तसं सुचलंच नाही. मला वाटलं, दार म्हटलं की रांगोळी. एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिले आणि एवढी साधी गोष्ट मला कळली नाही. सारजाबाई हसली. मी तिच्याशी बोलत नाही आता.

कुंडी मी काल माझ्याकडे आणली, तोरण उतरवलं. पण वहीतलं उतरत नाही. कारकून म्हणाला की मालक मुलखातच आहे, सरहद्दीपलीकडे गेलेला नाही, राहायला यायची इच्छा आहे आणि घर आपखुशीनं सोडलं नव्हतं, एवढं साहेबांना पटलं तर नोटीस मागे घेता येईल. तुमची सगळी पत्रं माझ्याकडे पाकिटांसकट आहेत, हैदराबादचे शिक्के आहेत. त्यामुळे पहिल्या गोष्टीची काळजी नाही. पण बाकीचं फारूखभाईंनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे.

त्यांना घेऊन ये. मी पाया पडते. नाही आलात तर त्या घरात दुसरं कुणी राहायला येईल. त्या बिचाऱ्यांचंही घर कुठं तरी सुटलं असेल, त्यांच्याशी मी भांडू तरी कोणत्या तोंडानं? पण मधल्या भिंतीतल्या खिडकीतून मी वाटी पुढं करीन आणि पलीकडे तुझा हात नसेल. ते मला सोसायचं नाही.

उत्तर उलट टपालानं दे. माझ्यावर रागव, पण लोभ सोडू नकोस.

तुझी अपराधी,
वच्छला


हैदराबाद
दि. २० डिसेंबर १९५०

प्रिय वच्छीस,
सलाम व स. न. वि. वि.

आधी एक सांगते. तुझं रांगोळीचं वाचून मी रडले, आणि मग मला असं हसू फुटलं की जाऊबाई धावत आल्या. दोन वर्षं माझ्या दारात रोज रांगोळी काढणारी तू, आणि अपराधी म्हणवून घेतेस? असा अपराध माझ्या बाबतीत दुसऱ्या कुणी केला नाही. पुन्हा हा शब्द लिहिलास तर अण्णांना पिशोरला कळवीन.

आता जे लिहायचं ते. चार दिवस लिहू की नको करत होते.

नोटिशीचं यांना सांगितलं. ते म्हणाले, जाऊ दे घर. मी पहिल्यांदा यांच्यावर ओरडले. लग्नाला बारा वर्षं झाली, कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, तुमचं घर तुम्ही सोडा, पण माझंही ते घर आहे, त्यातलं माझं तुम्ही कसं सोडता. तेव्हा ते बोलले.

आम्ही निघालो तो दिवस आठव. तू गौरीसाठी पिशोरला गेली होतीस आणि रस्ते बंद झाले म्हणून तिकडंच अडकली होतीस. दुपारी गल्लीच्या तोंडाशी रझाकारांचा राग आमच्यावर काढायला घोळका जमला. मी सगीराला पोटाशी धरून आतल्या खोलीत होते, म्हणून मला बाहेरचं काही दिसलं नाही. हे मला म्हणाले होते की मास्तर घरी नाहीत, तेव्हा मागच्या दारानं निघू. मी आजपर्यंत तेच खरं धरलं. पण हे तुमच्या दाराशी गेले होते, वच्छी. तीनदा कडी वाजवली. नाव घेऊन हाक मारली. आतून मास्तरांचा खोकला ऐकू आला. त्यांचा खडूचा तो खोकला तुला-मला अंधारातही ओळखू येतो. दार उघडलं नाही. मग यांनी किल्ली तुमच्या दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवली आणि आम्ही निघालो.

हे म्हणतात, घोळक्याचा मला राग नाही, त्यातला एकही माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

हे तुला कळवून मी तुझ्या संसारात काडी टाकते आहे, असं मला वाटतं. पण तू मला यांना घेऊन ये म्हणतेस, आणि हे का येत नाहीत हे लपवून मी तुला काय उत्तर देऊ? मास्तरांना विचारायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी त्यांच्याबद्दल मनात काही धरलेलं नाही. निदान तसा प्रयत्न करते आहे.

घराची मला रोज आठवण येते. आता त्या घराच्या आठवणीत तुमचं बंद दारही दिसायला लागलं आहे. ते जावं म्हणून काय करू?

माया असू दे.

मुनिरा


औरंगाबाद
दि. २ जानेवारी १९५१

प्रिय मुनिरास,
स. न. वि. वि.

विचारलं.

आधी वाटलं की ते नाही म्हणतील. मी देवासमोर बसून मागितलं की त्यांनी नाही म्हणावं. ते जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला, हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले. बरीच रात्र होईपर्यंत तिथंच बसून होते. नंतर आत येऊन म्हणाले की फारूख खरं सांगतो.

आज आठ दिवस झाले. मी वाढते, ते जेवतात. मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते. कोणती जास्त, ते मला सांगता येत नाही. दोन वर्षं मी तुझ्या दारात सडा घालायची तेव्हा हे खिडकीतून बघत असायचे आणि काही बोलत नसायचे. मी समजायची, माझं कौतुक करतायत.

माझ्या संसारात काडी पडेल वगैरे काही मनात आणू नकोस. या घरात गोष्ट होतीच, फक्त मला ठाऊक नव्हती.

सुनावणीला मी एकटी जाईन. पत्रं घेऊन जाईन. काय बोलायचं ते पाठ करते आहे. फारूखभाईंना यायला सांगण्याचं तोंड आता मला नाही. पुढचं कळवीन. सगीराला आशीर्वाद. माझ्यावरचा लोभ तेवढा जप.

तुझी,
वच्छला


औरंगाबाद
दि. २१ जानेवारी १९५१

श्री. शेख फारूख यांस,
रामकिसन मास्तरचा सा. न. वि. वि.

हे पत्र उर्दूत लिहिलं असतं तर तुम्हाला स्वतःला वाचता आलं असतं. पण मुनिराबहिणीनंही ते वाचावं असं वाटतं, म्हणून मराठीत लिहितो. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवावं.

काल कचेरीत सुनावणी झाली. माझ्या पत्नीनं एकटीनं जायचं ठरवलं होतं. मी शाळेतून रजा घेतली आणि तिच्या मागोमाग गेलो. तिनं वळून पाहिलं आणि पुढं चालू लागली.

तिनं पत्रं दाखवली. साहेबांनी पाकिटांवरचे शिक्के पाहिले आणि मालक मुलखातच आहे हे मान्य केलं. रांगोळीचंही तिनं सांगितलं. तेव्हा कचेरीतले लोक हसले, साहेबही हसले. मग त्यांनी विचारलं, की मालकानं घर आपखुशीनं सोडलं नाही याला पुरावा काय? त्या दिवशी तिथं कोण होतं? ती पिशोरला होती. 

मी उठलो. माझं नाव, गाव आणि मास्तरकी सांगितली. मी सांगितलं की १९ सप्टेंबर १९४८, रविवारी दुपारी, गल्लीत घोळका आलेला असताना शेख फारूख यांनी माझ्या दाराची कडी तीनदा वाजवली. मी आत होतो. मी दार उघडलं नाही. उघडलं असतं तर ते गेले नसते. सबब त्यांनी घर आपखुशीनं सोडलेलं नाही. साहेबांनी विचारलं, हे लिहून घेऊ का? मी हो म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, मोठ्यानं वाचून दाखवलं आणि मी सही केली. मागच्या बाकावर माझे दोन जुने विद्यार्थी आपल्या घराच्या कामासाठी आले होते. त्यांनी ऐकलं.

साहेबांनी नोटीस मागे घेतली आहे. मार्चअखेरपर्यंत तुमच्यापैकी कुणीतरी घरात राहायला यावं लागेल, नाही तर घर पुन्हा यादीत जाईल. हुकमाची नक्कल सोबत पाठवतो.

फारूख, खोकला माझाच होता. मी दारापासून चार पावलांवर उभा होतो. तुम्ही माझं नाव घेतलंत तेव्हा मी भिंतीला धरून उभा राहिलो. वर्गात मुलांना धीटपणाचे धडे देणारा माणूस प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा इतका घाबरला. तुम्ही आमच्यासाठी तीन आठवडे ओट्यावर बसलात, आणि मला तुमच्यासाठी एक कडी काढता आली नाही. याला कारण लिहायला बसलो तर पानं भरतील, पण त्यातलं एकही तुम्हाला सांगावं असं नाही.

माफी मागतो, पण माफ करा असा आग्रह धरत नाही. घर तुमचं आहे, त्याचा माझ्याशी संबंध जोडू नये. तुम्ही यावं. मी समोर नको असेन तर माझी बदली कन्नडला मागून घेईन, तसा अर्जही लिहून ठेवला आहे.

लोभ असावा असं लिहिण्याचा मला हक्क उरलेला नाही.

आपला,
रामकिसन


हैदराबाद
दि. ४ फेब्रुवारी १९५१

रामकिसन मास्तरांस,
फारूखचा सलाम.

मी बोलतो आहे आणि मुनिरा लिहिते आहे. मला उर्दूत लिहिता आलं असतं, पण वच्छलाबाईंनाही हे वाचता आलं पाहिजे. जसं बोलतो तसं लिही, दुरुस्त करू नकोस, असं मी हिला बजावलं आहे.

तुमचं पत्र हिनं मला तीनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी म्हटलं, पुरे. दुसऱ्यांदा मुबारकभाईंनी ऐकलं. ते म्हणाले की असं कचेरीत उभं राहून सांगणारा माणूस मी पाहिला नाही. मी म्हटलं, दार न उघडणारा तरी तुम्ही कुठं पाहिला होता. तिसऱ्यांदा मी एकट्यानं ऐकलं.

कन्नडला जायचा अर्ज फाडून टाका. तुम्ही तिकडं जायचं, आम्ही इकडून यायचं, मग त्या गल्लीत कुणी कुणाला भेटायचं? मला रिकामी गल्ली नको.

पण मी अजून येत नाही. माझ्या मनात अजून तुमचं दार वाजतं आहे. ते थांबल्याशिवाय मी समोर आलो तर भलतंच काही बोलेन, आणि या वयात मला तुमच्याशी भांडून उरलेलं घालवायचं नाही. ते कधी थांबेल ते मला ठाऊक नाही. रमजानपर्यंत थांबेल असं मुनिरा म्हणते, ती नेहमी लवकरचंच सांगते.

घर मात्र जाऊ द्यायचं नाही. ते तिचं आहे, असं तिनं मला चांगलं ऐकवलं आहे. म्हणून १० मार्चच्या गाडीनं मी मुनिराला आणि सगीराला पाठवतो आहे. दोघीच येतील. वच्छलाबाईंनी सगळ्या गल्लीला गोळा करू नये, पोरगी बावरेल.

शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, असं मुनिरा सांगते. लिही म्हटलं. लोभ नसता तर दोन वर्षं इतका राग मी कुणावर धरला असता?

मास्तर, माझी माणसं मी तुमच्या हाती देतो आहे. स्टेशनावर तुम्ही स्वतः या. दुसऱ्या कुणाला पाठवू नका.

तुमचा,
फारूख